टोकाकडे कललेली रेघ

एक

शेवटचा साधा दिवस रविवारचा होता. सुलक्षणा भोरहून एसटीने कापूरहोळला उतरली, वडिलांचा, आबांचा डबा घेऊन हायवेच्या कडेने चालत आली आणि शेडबाहेर अजितची मोटरसायकल दिसताच तिच्या कपाळावर आठी पडली.

आबांची, म्हणजे सर्जेराव शिळीमकरांची शेड पंक्चरवाला आणि रेडिएटरवाला यांच्या मधोमध होती. नवख्याला वाटे, इथेही मोटारीचंच काहीतरी होत असावं. आत भिंतीवर मात्र गोल्फची आयर्न्स, लोखंडी डोक्याच्या काठ्या, टांगलेली. सर्जेरावांची हयात शिरवळच्या एका कारखान्यात तापलेलं लोखंड घणाखाली घडवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते या धंद्यात पडले. मुरलेले खेळाडू त्यांच्याकडे आयर्न निवडायला येत.

त्या दिवशी आत तिघे होते. एक अजित, तिचा चुलतभाऊ, ताडमाड उंच. दुसरा कुमार, पुण्याचा बांधकामवाला, गोल्फला नुकताच लागलेला, ठेंगणा. तिसरा स्वरूप, वेल्ह्याच्या रस्त्यावर गुंजवणीकाठी जे गोल्फचं मैदान झालं त्याचा व्यवस्थापक. तोही बुटकाच, पण एके काळी राज्यात नाव काढलेला खेळाडू.

"मला पण अजितसारखीच द्या," कुमार म्हणत होता.

"तुमाला न्हाई द्यायची," सर्जेराव म्हणाले.

"म्हणजे? विकायला टांगलीत ना?"

"खेळणाऱ्याला विकायला. ही घडीव हायेत, मागनं भरीव. मधोमध चेंडू लागला तर हाताला कळत बी न्हाई, अन् जरा सरकला तर कोपरापतूर झिणझिण्या. ओतीव आयर्न चूक पोटात घालतं. तुमच्या चुका लई, त्या पोटात घालणारं घ्या."

स्वरूप खो खो हसला. कुमारचे कान लाल झाले. त्याने रागाने अजितचं सात नंबरचं आयर्न उचललं आणि शेडमागच्या जाळीकडे निघाला. "एकदा मारून तर बघू द्या!"

सर्जेरावांनी त्याच्यासमोर चेंडू ठेवला. चेंडूवर काळ्या शाईची जाड रेघ होती, ती त्यांनी आयर्नच्या बाजूला, अगदी उभी करून ठेवली. ही त्यांची रीत. टोला बसला की ओली शाई आयर्नच्या तोंडावर उमटे. रेघ सरळ उभी उमटली तर आयर्न त्या माणसाच्या अंगाला बसलं. कलली तर नाही बसलं. मग ते आयर्नची मान शिकंज्यात धरून लोखंड हळूच वाकवत. एक चेंडू, एक रेघ, मग फडक्याने पुसायचं आणि पुढचा चेंडू.

कुमारने मारलं. चेंडू डावीकडच्या खांबावर आदळला. रेघ उमटली होती पार टोकाजवळ, दांड्यापासून लांबच्या कडेला, आणि वरून टोकाकडे कललेली.

"बघा," सर्जेराव म्हणाले. "अजितची उंची धरून म्या हे उभट केलंय. बुटक्या माणसानं धरलं की ह्याचं टोक जमिनीवरनं उचलतं. रेघ टोकाकडं कलती अन् चेंडू डावीकडं पळतो. त्यात तुमाला मधोमध लागंना, ही दुसरी बोंब."

"माझा अपमान करायला बोलावलं होतं का?" कुमार आयर्न टाकून तडक गाडीत जाऊन बसला.

तो गेल्यावर स्वरूपने बगलेतला खोका टेबलावर ठेवला. आत नवी कोरी, ओतीव आयर्न्स होती, प्रत्येकाच्या डोक्यावर काळी टोपी. "सर्जेराव, पुढच्या महिन्यातली निवड चाचणी अजित या आयर्न्सवर खेळणार. ही बनवणाऱ्या कंपनीला मी शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिला. खेळायचंय त्यानं."

"मैदान माझं आहे."

"अन् हात त्याचं हायेत," सर्जेराव म्हणाले आणि अजितचं मनगट हातात घेऊन न्याहाळू लागले.

सुलक्षणा दाराशी उभीच होती. "आबा, डबा."

"ठेव तिथं," ते मान वर न करता म्हणाले.

तिने डबा ठेवला आणि परतीची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावताना तिचा मोबाईल वाजला. सर्जेराव शिळीमकर मैदानाच्या डाव्या कडेला पालथे पडलेले सापडले होते. कानाच्या वर चेंडू लागला होता. चेंडूवर काळी रेघ होती.

दोन

भोरच्या घरी माणसांची रीघ लागली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव. अजित.

सकाळी अजित आणि सर्जेराव दोघेच आयर्न तपासायला मैदानावर गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अजित म्हणत होता की चार टोले मारून झाल्यावर नानांनी, सर्जेरावांना तो नाना म्हणे, सात नंबर स्वतःकडे ठेवून घेतलं आणि त्याला पळायला पिटाळलं. तो धरणाच्या रस्त्याने पळत गेला. त्याला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. आणि प्रेत सापडलं ते त्याच्या बापाला, धनाजीला. धनाजी मैदानावर गवत कापण्याच्या यंत्रावर होता.

यामागे जुनं वैर होतं. मैदानाखाली गेलेली जमीन दोघा भावांची. धनाजीने भावाला न विचारता व्यवहार केला, तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. एकटा अजित तेवढा सर्जेरावांच्या शेडमध्ये ये-जा करी, आणि ते सुलक्षणाला कधी रुचलं नव्हतं.

"बापानं जमीन खाल्ली, पोरानं माणूस," आत्याबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या. "तू गप का बसलीस गं? दे की लिहून!"

स्वरूप रोज येत होता. पांढरा सदरा, आवाज मऊ. "ताई, फौजदारांना तुमचा जबाब हवाय. तुम्ही नाव घेतल्याशिवाय ते अजितला आत घेणार नाहीत. मुद्दाम मारलं की चुकून, ते कोर्ट बघेल."

"तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

"ऑफिसात. मंगलला विचारा, तिनेच चहा आणून दिला." मंगल म्हणजे धनाजीची बायको, मैदानाच्या कॅन्टीनमध्ये कामाला. "बाकी कुमारसाहेब होते सकाळी, पण ते तर..." त्याने हात उडवला. "त्यांचा चेंडू जाईल कुठं हे त्यांनाच माहीत नसतं."

"कुमार होता तिथं?"

"होता. तुमच्या आबांवर धुसफुसत होता. पण ताई, आयर्न अजितचं, चेंडू अजितच्या तपासणीचा. उगाच फाटे कशाला?"

सुलक्षणाने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला, स्वतः घेतला नाही. सगळी माणसं आपल्या तोंडून एकच नाव वदवायला बसली आहेत, हे तिला टोचत होतं. ते नाव तिलाही घ्यावंसं वाटत होतं, हे त्याहून टोचत होतं.

"उद्या देते जबाब," ती म्हणाली. "त्याआधी मला ते आयर्न बघायचंय."

स्वरूपचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "आयर्नमध्ये काय बघणार?"

तीन

धनाजीच्या अंगणात तिने पाऊल टाकलं तेव्हा मंगल भांडी घासत होती. तिने हात थांबवला नाही.

"या बाईसाहेब. पोलीस संगं न्हाई आणलं?"

"अजित कुठं आहे, काकू?"

"काकू! बघा वं, आज काकू झाले म्या. आमच्या दारावरनं जाताना त्वांड फिरवून जात हुतीस ना?"

धनाजी ओसरीवरून उठला. भावासारखाच उंच, पण खांद्यात वाकलेला. "पोरी, दादाला म्या उचललं मातीतनं. ह्या हातांनी. अन् मला दहाव्याला बी येऊ दिलं न्हाई तुमी लोकांनी. आता काय ऱ्हायलंय न्यायचं?"

"मला अजितची पिशवी बघायचीय."

"फौजदार उघडून बघून गेलं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"दाखव तिला, बाबा," आतून अजितचा आवाज आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो पिशवी घेऊन बाहेर आला आणि तिच्या पायाशी ठेवून लांब उभा राहिला. "ताई, म्या न्हाई मारलं. नानांनी मला पळाय लावलं. म्हणाले, स्वरूपरावांशी बोलायचंय, तू नको हितं. परत आलो तर..."

"स्वरूपशी बोलायचं होतं?"

"म्या हे सांगितलंय फौजदारांना. स्वरूपराव म्हणतात, ते आलेच न्हाईत."

"सात नंबर तू पिशवीत ठेवलंस?"

"न्हाई. नानांच्या हातात हुतं. नंतर पिशवीत दिसलं."

आयर्न्स उघडीच होती, एकमेकांना घासून चरे पडलेली. एकाच्या डोक्यावर मात्र काळी टोपी होती. सात नंबर.

"ही टोपी?"

"माझी न्हाई. नाना टोपी घालू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, बंद ठिवलं की लोखंडाला घाम सुटतो."

सुलक्षणाने टोपी काढली. आयर्नच्या तोंडावर, सगळ्या बाजूंनी सारखं अंतर सोडून, बरोबर मधोमध एक काळी रेघ उमटली होती. टोपीने ती जशीच्या तशी राखली होती. आबा प्रत्येक टोल्यानंतर ते तोंड पुसत. म्हणजे ही शेवटच्या चेंडूची रेघ. आणि ती टोकाकडे कललेली होती.

अजितच्या उंचीला बेतलेलं आयर्न. अजितने मारलं असतं तर रेघ सरळ उभी आली असती. धनाजीने मारलं असतं तरी जवळपास उभीच आली असती.

सुलक्षणा वाकून बसली होती. पाठीमुळे आपले हात कुणालाच दिसत नाहीत, असं तिला वाटत होतं. ओढणीचा शेव हाताशी होता. एकदा फिरवला की शाई गेली. मग उद्या नाव घ्यायचं, सही करायची आणि हे दोन खोल्यांचं घर कायमचं अंधारं करून टाकायचं. आबांनी ज्याचं मनगट हातात धरलं होतं तो तुरुंगात, आणि जमीन खाल्लेल्या बापाला जन्मभराची शिक्षा. कुणाला कळणार होतं?

तिची बोटं ओढणीवर आवळली.

"दिसलं काय?" मंगलने कर्कश आवाजात विचारलं.

तिने टोपी परत चढवली. "हे मी नेते," ती म्हणाली. "काकू, एक सांगा. त्या सकाळी स्वरूपने चहा मागवला तेव्हा तो कुठं बसला होता?"

"हापिसात. आधी नळावर हात धुतलं, मग बसला. रोज मैदानाकडं त्वांड करून बसतो. त्या दिशी पाठ करून बसला हुता."

चार

रेघ कलली म्हणजे मारणारा बुटका. बुटका, आदल्या दिवशी भर शेडमध्ये पाणउतारा झालेला, आणि सकाळी मैदानावर हजर. सुलक्षणा थेट कुमारसमोर जाऊन उभी राहिली.

तो सरावाच्या पट्टीवर एकटाच चेंडू उडवत होता. "तुमच्या वडिलांचं वाईट झालं," तो तुटक म्हणाला. "पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडत नव्हते."

"त्यांनाही तुम्ही आवडत नव्हतात. त्या सकाळी तुम्ही त्यांच्याशी भांडलात?"

"भांडलो. म्हटलं, माणूस शिकतो हळूहळू, असं सगळ्यांसमोर बोलतात का? तर म्हणाले, आधी शिका, मग आयर्न मागा. मी गाडीत बसलो आणि निघून गेलो. संशय असेल तर स्पष्ट बोला."

"स्पष्ट बोलते." तिने शेडमधून आणलेलं, त्याच सात नंबरच्या जोडीचं दुसरं आयर्न पुढे केलं. तेही अजितसाठीच वाकवलेलं. रेघांचे चेंडू तिने एकेक मांडून ठेवले. "मारा."

"मी का मारू?"

"कारण तुम्ही मारलं नसेल, तर तुम्हालाच सुटायचंय."

कुमारने दात खाऊन मारलं. ती प्रत्येक टोल्यानंतर आयर्नचं तोंड बघायची, पुसायची आणि पुढचा चेंडू ठेवायची. रेघा सगळ्या टोकाकडे कललेल्या होत्या, इथवर ठीक. पण एक टोकाजवळ, एक दांड्याकडच्या टाचेजवळ, एक खालच्या कडेला, एक अर्धीच. मधोमध एकही आली नाही. तो घामाघूम झाला, इरेला पेटला, तरी आली नाही.

"बास," ती म्हणाली.

"मग? मी खुनी?"

"नाही. तुम्ही फार वाईट खेळता."

कुमारचा चेहरा पुन्हा लाल झाला, पण या वेळी तो गाडीकडे गेला नाही. "मग कोण?"

उत्तर तिच्या हातातच होतं. ज्याच्या हातून ती रेघ उमटली, तो बुटका होता आणि पट्टीचा खेळाडू होता. या मैदानावर असा माणूस एकच होता.

पाच

कॅन्टीनच्या व्हरांड्यात फौजदार जबाबाचा कागद मांडून बसले होते. शेजारी स्वरूप. धनाजी, मंगल आणि अजित पायरीखाली उभे. कुमार न बोलावताच आला होता.

"घ्या ताई," स्वरूपने पेन पुढे केलं. "मनावरचं ओझं उतरवा."

सुलक्षणाने पेन घेतलं नाही. टोपी काढून तिने आयर्न टेबलावर, कागदाच्या वर ठेवलं. मग रेघ काय सांगते ते तिने फौजदारांना सावकाश समजावलं, शेवटच्या चेंडूपासून कुमारच्या टोल्यांपर्यंत. कुमार मधेच म्हणाला, "माझ्या नालायकीचा पुरावा हवा तर पुन्हा मारून दाखवतो."

"अहो, शाईच्या एका डागावरून!" स्वरूप हसला. "उद्या कुणीही डाग पाडेल."

"पाडेल. पण त्यावर टोपी घालणार नाही. खेळाडू आयर्नला टोपी घालत नाही, आबा तर घालूच देत नसत. विकणारा घालतो, लोखंडाला चरा पडू नये म्हणून. त्या खोक्यात तुमच्या टोप्या आहेत. एक कमी असेल."

"टोप्या हरवतात."

"हरवतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "स्वरूपराव, मला सगळे सांगताहेत की हा खून आहे. मला तसं वाटत नाही. तुम्हाला आबांना पटवायचं होतं की घडीव आयर्नमध्ये काही विशेष नाही. आबांनी ऐकून घेतलं नाही, पाठ फिरवली आणि ते डाव्या कडेने चालू लागले. तुम्ही रागाने त्यांचंच आयर्न उचललं, त्यांचाच चेंडू ठेवला. नेम भोकाजवळच्या झेंड्यावर. पण आयर्न अजितच्या उंचीचं. बुटक्या माणसाने मारलं की चेंडू डावीकडे जातो. तुम्ही मधोमध मारलंत, म्हणून तो जोरात गेला. ज्याने मारलं त्याने आबांवर नेम धरून मारलं, असं ही रेघ म्हणत नाही."

स्वरूपच्या कपाळावर घाम होता. त्याने फौजदारांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पाण्यात बुडणाऱ्याने दोर पकडावा तसे शब्द त्याने पकडले.

"मी सरळच मारला होता! देवाशपथ झेंड्यावर मारला होता. तो आयर्नमुळे..."

तो थांबला.

"मग तुम्ही त्यांच्याजवळ गेलात?" तिने विचारलं.

"हाक मारली. ते उठले नाहीत."

"श्वास होता?"

स्वरूपने नजर कागदाकडे वळवली.

"श्वास होता का?"

"...होता. थोडा. मला काही सुचलं नाही. मैदान बंद झालं असतं, कंपनी गेली असती, सगळं..."

"म्हणून आयर्न अजितच्या पिशवीत. मग नळावर हात धुतलेत. मग चहा."

मंगलच्या तोंडून चीत्कार निघाला. "म्या चा दिला रं तुला! माझ्या हातानं! अन् त्यो बिचारा तिकडं..." ती पायरी चढून त्याच्या अंगावर गेली. धनाजीने तिला धरलं, आणि धरता धरता स्वतःच खाली बसला. फौजदारांनी जबाबाचा कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर नवं नाव लिहायला घेतलं.

सहा

जीप गेल्यावर मैदानावर नुसता वारा उरला. कुमार निघून गेला. धनाजी सुलक्षणाजवळ आला, हात जोडू लागला.

"पोरी, लई उपकार..."

"नको, काका. तुमच्यासाठी नाही केलं. जमिनीचं मी विसरलेले नाही."

तो खाली मान घालून मंगलला घेऊन गेला. अजित तेवढा राहिला, डावीकडच्या कडेला, जिथे सर्जेराव पडलेले सापडले होते तिथे. सुलक्षणा त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"ताई, तुमी पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं," तो म्हणाला. "मला दिसलं हुतं, ओढणी हातात हुती."

"हो."

"मग का न्हाई पुसलं?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. मनातलं आजवर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आबांना तर नाहीच. पण आता ते तोंडाशी आलं होतं आणि मागे जात नव्हतं.

"ती रेघ आबांच्या हातची होती, म्हणून नाही पुसली. पण मला तू आवडत नाहीस, अजित," ती म्हणाली. "कधीच आवडला नाहीस. तू आलास की आबा बोलायला लागायचे. तुझं मनगट, तुझे खांदे, तुला कुठलं लोखंड मानवेल. घरी ते जेवायचे आणि झोपायचे. मी समोर बसून वाट बघायची, आता काही विचारतील, आता विचारतील. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, सुलू, तुला काय हवंय गं. मी सांगितलं असतं. मला तुम्ही हवे होतात, आबा. डबा ठेवून परत जायचं नव्हतं मला, तुमच्याजवळ बसायचं होतं. हे त्यांना कधी बोलले नाही. तुला बोलतेय, कारण ऐकायला आता तूच उरलायस."